चांदोरी रुपया आणि चांदूर : वऱ्हाडांतील जुन्या चलनाच्या वाचनासंबंधीं

चांदूर बाजार व आसपासच्या गांवीं ज्यांच्या घरीं जुनीं नाणीं जतन केलेलीं आहेत, अशा कांहीं सद्गृहस्थांच्या संग्रहांत चांदीचा एक जाड, ओबडधोबड रुपया "आमच्या चांदुरचा रुपया" म्हणून मोठ्या प्रेमानें दाखविला जातो. त्यावर फारशी लिपींत शहाअलम बादशहाच्या नांवाचीं अक्षरें असतात, आणि दुसऱ्या बाजूस टांकसाळीचें नांव यावयाचें तेथें 'चांदूर' असें वाचतां येतें. वाचणारानें अक्षरें खोटीं वाचलेलीं नसतात. तीं तशींच आहेत. तरी पण हा रुपया चांदूर बाजारचा नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि हें मत सकारण मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण एका नाण्याच्या चुकीच्या वाचनावरून गांवीं टांकसाळ होती असें ठरतें, टांकसाळ होती म्हणून ठाणें मोठें होतें असें ठरतें, आणि मग त्या ठाण्याचा स्वतंत्र इतिहास रचला जातो. एकदां छापलें गेलें कीं तें पुसणें कठीण.

मूळ घोटाळा लिपीचा आहे. फारशींत हें नांव चे, अलिफ, नून, दाल, वाव आणि रे अशा सहा अक्षरांनीं लिहिलें जातें. यांतील वाव हें अक्षर 'ऊ' आणि 'ओ' या दोन्ही स्वरांचें काम करतें. तेव्हां तीच सहा अक्षरें 'चांदूर' अशीं वाचतां येतात आणि 'चांदोर' अशींही. कोणतें वाचावयाचें तें अक्षरें सांगत नाहींत. तें वाचकाला आधीं ठाऊक असावें लागतें. वऱ्हाडी वाचकास चांदूर ठाऊक आहे, म्हणून तो चांदूर वाचतो.

दुसरें कारण नाण्याच्या घडणीचें. त्या काळीं ठशाचा व्यास नाण्याच्या चकतीपेक्षां मोठा असे, त्यामुळें ठशावरील सगळा मजकूर एका रुपयावर कधींच उमटत नसे. कोठें बादशहाचें नांव अर्धें, कोठें सन तुटलेला, कोठें टांकसाळीच्या नांवाचें शेपूट तेवढें शिल्लक, असा प्रकार असतो. या रुपयाच्या पुष्कळ प्रती एकाशेजारीं एक ठेवून मजकूर जुळविला म्हणजे टांकसाळीचें संपूर्ण नांव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असें निघतें. हें चांदोर म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील चांदवड होय. होळकरांच्या ताब्यांतील हें प्रसिद्ध ठाणें. इंग्रजी कागदांत तें 'चांदोर' असेंच लिहिलेलें आढळतें, आणि मराठी दप्तरांत त्याच्या रुपयाला 'चांदवडी' म्हटलेलें आहे. के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांनीं मराठ्यांच्या टांकसाळींवर १९८९ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत ही टांकसाळ तिच्या योग्य ठिकाणीं नोंदलेली आहे. तेव्हां आज या बाबतींत साधनांची उणीव आहे असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं.

येथें एक दुसरा खड्डा आहे. ज्याच्या हातीं सुदैवानें पूर्ण मजकुराची प्रत लागते, तो 'जाफराबाद' हें नांव वाचून अधिकच चकतो. बुलढाण्याच्या सीमेलगत, आजच्या जालना जिल्ह्यांत, जाफराबाद नांवाचें जुनें गांव आहे. मग एक नांव चांदूर, दुसरें जाफराबाद, दोन्ही वऱ्हाडच्या अंगणांतलीं. याहून बळकट पुरावा कोणता, असें वाटूं लागतें. पण 'उर्फ' या शब्दाकडे दुर्लक्ष होतें. 'उर्फ' हा शब्द दोन गांवांची जोडी सांगत नाहीं. एकाच गांवाचीं दोन नांवें सांगतो. जाफराबाद व चांदूर बाजार हीं पूर्व-पश्चिम एवढ्या अंतरावरचीं दोन भिन्न गांवें. एक दुसऱ्याचें उर्फ कसें व्हावें? शिवाय वऱ्हाडांत चांदूर तरी एक कोठें आहे? चांदूर बाजार आहे, चांदूर रेल्वेही आहे. टांकसाळ यांपैकीं कोणाच्या वांट्यास द्यावयाची, हा तंटा या मताच्या कैवाऱ्यांना आपसांत मिटवावा लागेल.

गांवच्या अभिमानाला यानें धक्का बसण्याचें कारण नाहीं. चांदूर बाजारपासून अवघ्या कांहीं कोसांवर एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, आहे. इमादशाहीची ही राजधानी. मोगल बादशहांच्या नाण्यांवर टांकसाळ म्हणून एलिचपूरचें नांव येतें, आणि पुढें निजामाच्या अंमलांतही येतें. या टापूचा स्वतःचा असा रुपया व पैसा कोठें शोधावयाचा तर तेथें शोधावा. एलिचपुरी नाणें पेटींत तळाशीं पडलेलें आणि नाशिककडचा चांदवडी रुपया मखमलीच्या डबींत, असा उलटा मान आम्हीं एकाहून अधिक संग्रहांत पाहिला आहे.

आतां चांदवडचा रुपया वऱ्हाडांत आला कसा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतकेंच कीं रुपया चालतो. लष्कर, कापसाचा व्यापार, हुंड्या, लग्नकार्यें, यात्रा, यांबरोबर तो शेंकडों कोस जातो. नाणें जेथें सांपडलें तेथेंच पडलें असें मानणें म्हणजे विहिरींत सांपडलेला तांब्या त्याच विहिरींत घडला असें मानण्यासारखें आहे. उलट, जेथें सांपडलें तें ठिकाण निराळा पुरावा देतें : कोणत्या मुलखाचा कोणत्या मुलखाशीं व्यवहार होता याचा. या दृष्टीनें चांदूर बाजारांतील चांदवडी रुपया हा खोट्या टांकसाळीपेक्षां खऱ्या बाजाराचा साक्षी आहे, आणि त्या नात्यानें त्याचें मोल कमी नाहीं. मात्र तो कोठल्या घरीं, कोणत्या भांड्यांत, कोणत्या इतर नाण्यांबरोबर सांपडला हें लिहून ठेवलेलें असेल तरच. तें बहुधा नसतें.

हा झाला नाण्याचा विचार. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा संबंध नाण्यापेक्षां कागदाशीं अधिक येतो, आणि तेथील हयगय आम्हांस याहून गंभीर वाटते. घराण्यांचे इतिहास व कुलवृत्तांत जे प्रसिद्ध होतात, त्यांत जुन्या गहाणखतांचे, कर्जरोख्यांचे, इनामपत्रांचे उतारे असतात. मूळ कागदांत 'रुपये ५०० चांदवडी' किंवा 'हाली शिक्का' असें असतां उताऱ्यांत नुसतें 'रु. ५००' छापलें जातें. विशेषण गळतें. संपादकास तें शोभेचें वाटलें असावें. परंतु लिहिणाऱ्या कारकुनानें तें शोभेसाठीं लिहिलेलें नाहीं. तो त्या कराराचा कणा आहे. चांदवडी, अंकुशी, बागलकोटी म्हणजे मल्हारशाही, हाली, अशा नाना रुपयांचा कस व वजन वेगळें, म्हणून प्रत्येकाचा बट्टा वेगळा. पांचशें कोणते, हें न सांगतां पांचशें म्हणणें म्हणजे मण म्हणावयाचें आणि पक्का कीं कच्चा तें सांगावयाचें नाहीं, त्यांतला प्रकार होय.

वऱ्हाडांत ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण येथें धनीच दोन होते. निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली या प्रांतावर दीर्घ काळ राहिली. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवची लढाई झाली, डिसेंबरांत गाविलगड पडला, आणि देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला; गाविलगड व नरनाळा आणि त्यांखालचा थोडा टापू मात्र आणखी कांहीं वर्षें त्यांजकडे राहिला. चांदूर बाजारासारख्या, गाविलगडच्या पायथ्याच्या या पट्ट्यांतील कागद वाचतांना ही सरहद्द ध्यानांत ठेविली पाहिजे. एका कोसावर धनी बदलतो. वसुलाचें नाणें तेंच राहिलें असेल असें गृहीत धरतां येत नाहीं.

पुढें निजामाच्या अंमलांत तर नाण्याचें नांव सावकारावरून पडूं लागलें. मुंबईकडील पारशी पेढीवाले विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी यांनीं निजाम सरकारास कर्जें दिलीं, वऱ्हाडचा वसूल आपल्या हातीं घेतला, येथील कापूस मुंबईस पोंचविण्याचा मोठा व्यापार केला. आणि औरंगाबादच्या टांकसाळींत त्यांच्या व्यवस्थेखालीं पडलेला रुपया 'पेस्तनशाही' म्हणून ओळखला गेला. राजा चंदुलालांचे बंधु गोविंदबक्ष यांच्या नांवाचा 'गोविंदबक्षी' रुपया प्रसिद्धच आहे. या नाण्यांवर बादशहाचें नांव आहे, राज्य निजामाचें आहे, आणि लोकांच्या तोंडीं नांव तिसऱ्याचें आहे. यांपैकीं खरी सत्ता कोठें होती हें लोकांच्या बोलीनें जितकें नेमकें सांगितलें तितकें ठशावरील मजकुरानें सांगितलेलें नाहीं. म्हणून कागदांत 'पेस्तनशाही' असें आढळल्यास तो शब्द गाळणाऱ्या संपादकानें एक संपूर्ण प्रकरण गाळलें असें आम्ही समजतों.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. राज्य कायद्यानें निजामाचें, कारभार इंग्रजांचा, अशी ही विलक्षण स्थिति. १८३५ च्या कायद्यानें कंपनीनें आपल्या मुलखासाठीं १८० ग्रेनचा एकसारखा रुपया ठरविलेला होता. यंत्रावर पडलेल्या त्या रुपयास लोक 'कलदार' म्हणत. पैनगंगेच्या अलीकडे कलदार आणि पलीकडे हाली, असा भेद पुढें सुमारें शंभर वर्षें राहिला. १८६० च्या तहांत निजामाचें जें पन्नास लाखांचें देणें सोडलें तें हैदराबादी रुपयांतील होतें. आमच्याकडील पुस्तकांत तें नुसतें 'पन्नास लाख' म्हणून येतें. रकमेंत सातवा हिस्सा इकडचा तिकडे झाला तरी कोणास खटकत नाहीं!

सातवा हिस्सा हा आंकडा आम्ही सहज म्हणून लिहिला नाहीं. त्याचा हिशेब येथें मांडतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबादेंत यंत्रावर पाडलेला, चारमिनाराचें चित्र असलेला हाली रुपया वजनानें ११.१८ ग्रॅम आणि हजारीं ८१८ कसाचा. त्यांत शुद्ध चांदी सुमारें ९.१४ ग्रॅम. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम व बारांत अकरा भाग कसाचा. त्यांत शुद्ध चांदी सुमारें १०.६९ ग्रॅम. पहिल्यास दुसऱ्यानें भागिलें असतां ०.८५५ येतात. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर १९५० सालीं दोन्ही रुपये कांहीं काळ शेजारीं शेजारीं चालले, तेव्हां दर ठरला तो सात हालीस सहा भारतीय, म्हणजे ०.८५७. चांदीचें प्रमाण आणि सरकारी दर यांत हजारीं दोनचा फरक. येथें चटकन् असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो कीं दर धातूवरच ठरला. पण १९५० पर्यंत दोन्ही रुपयांतील चांदी पार उतरलेली होती. इंग्रज सरकारनें १९४० सालीं रुपयाचा कस निम्म्यावर आणला, १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला. हालीचाही कस युद्धकाळांत तसाच खालीं गेला. चांदी गेली आणि चांदीचें प्रमाण मागें राहिलें. १९५१ सालीं हाली रुपया काढणें बंद झालें आणि १९५९ सालीं तो चलनांतून रद्द झाला. 'हाली' याचा अर्थच 'सध्यां चालू असलेला'. तें नांव आतां चालूं न शकणाऱ्या नाण्याचें आहे.

मात्र हें सातास सहाचें प्रमाण घेऊन १८४० चा कागद सोडवूं नये. यंत्रापूर्वीच्या हालीचा बट्टा बाजाराप्रमाणें व हंगामाप्रमाणें वरखालीं होई. कारकून 'हाली' लिहितो तेव्हां त्या वर्षींचा, त्या पेठेचा भाव पाहिला पाहिजे, आणि तो सराफाच्या वहींतच मिळेल. याच कारणासाठीं जेम्स प्रिन्सेप याच्या १८३४ सालच्या कोष्टकांवर सर्वस्वीं भिस्त ठेवणारे लेखक आम्हांस पटत नाहींत. प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळींतील कस पाहणारा अधिकारी. त्याची विद्वत्ता व काटेकोरपणा वादातीत आहे. पण त्याचें कोष्टक हातीं आलेल्या नाण्यांच्या परीक्षेचें फळ होय. मुशींत घातलेल्या रुपयांत किती चांदी निघाली तें त्यावरून कळतें. एलिचपूरच्या सराफानें पेठेंत शेंकडा काय कापलें तें कळत नाहीं. कुणब्याचें नुकसान दुसऱ्या आंकड्यानें होत असे. सारा चोख नाण्यानें भरावा लागे, आणि मालाचे पैसे हातीं येत ते हलक्या नाण्यांत, तर मधला बट्टा हा कोणत्याही पट्टींत न लिहिलेला करच होय. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची निजामशाहींतील स्थिति लिहूं इच्छिणाऱ्यानें हें कलम सोडलें तर त्याचा हिशेब अपुरा राहील.

तारखांविषयींही असेंच. नाण्यावर बादशहाचें नांव व जुलूस सन आहे म्हणून नाणें त्या वर्षींचें, असें समजण्याची रूढि अजून गेलेली नाहीं. कंपनीनें स्वतः मुर्शिदाबादी रुपयावर १९ आणि फर्रुखाबादी रुपयावर ४५ हा जुलूस सन गोठवून ठेविला व तोच वर्षानुवर्षें छापला. शहाअलम १८०६ सालीं वारला तरी त्याच्या नांवाचें नाणें थांबलें नाहीं. सराफ सनाप्रमाणें बट्टा कापीत, म्हणून सन न बदलण्यांतच सोय होती. हा प्रकार हिंदुस्थानापुरता नाहीं. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा १७८० सालीं मरण पावली. तिचा त्याच सालाचा चांदीचा थेलर तिच्या मागून दीड शतकाहून अधिक काळ पडत राहिला, कारण अरबस्तान व हबसाण इकडील व्यापारी दुसरा शिक्का हातीं घेईनात. तो थेलर पाहून कोणी त्यास १७८० चा म्हणेल तर तो जितका फसेल, तितकाच चांदवडी रुपयावरील सनावरून चांदवडचा इतिहास लिहिणारा फसेल. निजामाच्या नाण्यांवर मात्र एक उपयोगी खूण असते : राज्य करणाऱ्या निजामाच्या नांवाचें आद्याक्षर. बादशहाच्या नांवापेक्षां त्या एका अक्षरावर काळ ठरविणें अधिक सुरक्षित. १८५७ नंतर बादशहाचें नांव निघालें, आसफजाहचें आलें, आणि त्यासोबत ९२ हा आंकडा आला. तो सन नव्हे. अब्जद गणनेनें 'मुहम्मद' या नांवाची ती बेरीज होय.

शब्द एक आणि नाणें भलतेंच, याचें सर्वांत मोठें उदाहरण आम्हांस वऱ्हाडाबाहेर, फिरंग्यांच्या व्यवहारांत सांपडतें. पोर्तुगाल हा युरोपांतील लहानसा देश. त्याच्या गोव्यांतील हिशेबांत 'शेराफीं' नांवाचें मान होतें. हा शब्द 'अशरफी' यापासून निघालेला, म्हणून मराठी कागदांत तो पुनः अशरफीच्या रूपांत परत येतो. वाचणारा अशरफी म्हणजे सोन्याची मोहोर समजतो. पण गोव्याचा शेराफीं तीनशें रेइशांचा, आणि जुन्या हिशेबांत रुपया सहाशें रेइशांचा. म्हणजे दोन शेराफीं मिळून एक रुपया. खंडणी कीं नुकसानभरपाई म्हणून ठरलेली रक्कम मोहोरांत वाचली तर ती कित्येक पटींनीं फुगते, आणि त्यावर विजयाचे मोठमोठे इमले उभे राहतात. डॉ. गेर्सन द कुन्हा यांनीं एकोणिसाव्या शतकांतच इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर लेखमाला लिहून हा विषय उजेडांत आणला होता. त्या चलनाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. १८८१-८२ सालीं गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्या वजनाकसाचा होऊन कलकत्त्यांत पडूं लागला. १९५८ सालीं रुपयास सहा या दरानें एस्कुडो आला. आणि १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज सत्ताच गेली. म्हणून 'गोव्याचा रुपया' या शब्दांतही काळाप्रमाणें निरनिराळीं नाणीं दडलेलीं आहेत.

शेवटीं संग्राहकांस उद्देशून दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, ते कटु वाटल्यास क्षमा असावी. नाणें चिंचेनें घासून लखलखीत करूं नये. घासण्यानें वजन जातें, आणि वजन गेलें कीं कसाचा अर्धा हिशेब गेला. सराफांनीं पारख करतांना मारलेले बारीक ठसे ज्यावर आहेत तें नाणें 'खराब' म्हणून टाकून देऊं नये. तें किती पेढ्यांवरून फिरलें याची ती दाखला-वहीच आहे, आणि आमच्या मतें कोऱ्या प्रतीपेक्षां तिची किंमत अधिक. गांवांत सांपडलेला हंडा वांटून घेणें तर इतिहासाच्या दृष्टीनें नाणीं वितळवण्यासारखेंच आहे. शिवाय १८७८ च्या निधीसंबंधीं कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. रुमाल विकतांना नाणीं एकीकडे व कागद दुसरीकडे जाऊं देऊं नयेत.

अचलपूर, चांदूर बाजार, दर्यापूर, मुर्तिजापूर या भागांतील ज्या घराण्यांच्या दप्तरांत रुपयाच्या नांवापुढें चांदवडी, एलिचपुरी, गोविंदबक्षी, पेस्तनशाही, हाली यांपैकीं कोणतेंही विशेषण आहे, त्यांनीं त्या ओळीचा अक्षरशः उतारा, कागदाची तारीख (फसली, सुहूर किंवा शक, जशी असेल तशी) आणि बट्ट्याचा उल्लेख असल्यास तो, इतकें तरी मंडळाकडे पाठवावें. विशेषतः एकाच कागदांत दोन नाण्यांचा परस्पर दर दिलेला असेल तर तो कागद कितीही फाटका असला तरी आम्हांस हवा आहे.